औषध न देता थांबू शकणारा डॉक्टर: बाळासाठी बालरोगतज्ज्ञ कसा शोधावा

थोरल्याला सातव्या महिन्यात पहिली मोठी सर्दी झाली, तेव्हा हातात पडलेल्या चिठ्ठीवर पाच औषधं होती. एक अँटिबायोटिक, खोकल्याची दोन सिरप, नाकातले थेंब आणि वर भूक वाढवायचं टॉनिक. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांनी बाटल्या काउंटरवर मांडल्या, चष्मा कपाळावर सरकवला, दोन बाटल्यांची लेबलं शेजारीशेजारी धरली आणि म्हणाले, "ताई, ह्या दोन्हींत क्लोरफेनिरामाइन आहे. एकच औषध दोनदा जाईल पोटात. डॉक्टरांना विचारून या एकदा." मी विचारायला परत गेले. "मेडिकलवाला डॉक्टर आहे का?" एवढंच उत्तर मिळालं.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. कुणीतरी सुचवलं म्हणून एका 'पूर्ण नैसर्गिक' उपचार करणाऱ्यांकडे मुलाला नेलं. तिथे शांत वाटायचं, वेळ भरपूर मिळायचा, औषधं कमी. पण तिसऱ्या भेटीत त्यांनी नवव्या महिन्याची गोवराची लस "राहू द्या, गोवर येऊन गेलेला बरा" म्हणून सांगितलं. ते साल २०२२ होतं आणि महिना नोव्हेंबर. मुंबईत गोवंडीत गोवराची साथ पेटली होती, मुलं दगावल्याच्या बातम्या रोज येत होत्या. त्याच आठवड्यात महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन लस टोचून आणली.

म्हणजे आमची दोन्हीकडे फसगत झाली. आता ज्या डॉक्टरांकडे जातो त्या तिसऱ्या. त्या सापडेपर्यंत काय बघायचं, काय विचारायचं हे चुकतमाकत कळलं. पहिल्यांदाच आईबाप होणाऱ्यांसाठी ते इथे क्रमाने लिहिते.

आधी 'नैसर्गिक' म्हणजे काय ते घरात ठरवा

डॉक्टर शोधायच्या आधी नवराबायकोने, आणि घरात आजीआजोबा असतील तर त्यांनीही, एकदा बसून बोलावं. कारण 'आम्हाला नैसर्गिक हवं' म्हणताना प्रत्येकाच्या मनात वेगळंच असतं. माझ्या मनात होतं, उगाच अँटिबायोटिक नको. सासूबाईंच्या मनात होतं, बाळगुटी चालू राहिली पाहिजे. नवऱ्याच्या मनात होतं, इंजेक्शनला मूल फार रडतं. तीन वेगळ्या गोष्टी, आणि तिघं एकाच शब्दाने बोलत होतो.

एका कागदावर दोन रकाने करा. एकात हव्या त्या गोष्टी: पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं अन्न घरचं, साध्या सर्दीतापात वाट बघायची तयारी, गरज पडली तर एक औषध, तेही नेमकं. दुसऱ्यात कुठल्याही परिस्थितीत सोडायच्या नाहीत त्या: लसी, जन्मल्यावरचं व्हिटॅमिन 'के'चं (रक्तस्राव रोखणारं) इंजेक्शन, आजार खरा असेल तेव्हा खरं औषध. हा दुसरा रकाना रिकामा ठेवायचा असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. मी त्या मताची नाही.

माझ्या लेखी नैसर्गिक विचाराचा डॉक्टर म्हणजे पाला देणारा किंवा गोळी न देणारा डॉक्टर नव्हे. मुलाचं शरीर आपलं काम करत असताना जो थांबू शकतो, आणि थांबताना कशावर नजर ठेवायची ते आपल्याला सांगून पाठवतो, तो.

गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातच शोध सुरू करा

बाळ झाल्यावर शोधायला वेळ नसतो. प्रसूतीच्या जागी जे बालरोगतज्ज्ञ येतात तेच मग चालू राहतात, आवडोत न आवडोत. म्हणून सातव्या महिन्यातच दोनतीन नावं काढून ठेवा आणि पोट घेऊनच एकदा भेटून या. बरेच डॉक्टर अशी भेट देतात. "मूल झालं की या" म्हणून वाटेला लावणारेही भेटतील, तेही कळलेलं बरं.

नावं कुणाकडून घ्यायची? इंटरनेटवरच्या तारकांवर जाऊ नका. 'लगेच गुण आला' म्हणून पाच तारका देणारे पालक म्हणजे बहुधा तिसऱ्या दिवशी आपोआप उतरणाऱ्या तापाला पहिल्या दिवशी अँटिबायोटिक घेतलेले पालक. त्यापेक्षा तीन माणसांना विचारा. एक, स्तनपान सल्लागार. कोणते डॉक्टर तिसऱ्या दिवशीच डब्याचं दूध लिहून देतात आणि कोणते आईला बसवून बाळ नीट पकडायला शिकवतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. दोन, दोन मुलांची आई. पहिलटकरीण डॉक्टरांच्या स्वभावाबद्दल बोलते, दुसरं मूल झालेली चिठ्ठीबद्दल. तीन, जुना मेडिकलवाला. त्याला सरळ विचारा, "काका, कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सगळ्यांत कमी औषधं असतात?" धंद्याच्या विरुद्ध आहे, पण सांगतात. आम्हाला आमच्या डॉक्टर अशाच कळल्या. "त्यांचं बिल कधी दोनशेच्या वर जात नाही," काका जरा नाराजीनेच म्हणाले होते.

पाटी नीट वाचा

'बालरोगतज्ज्ञ' ही अक्षरं पाटीवर मोठी असतात, पदवी बारीक. बारीक वाचा. एम.बी.बी.एस.नंतर एम.डी. किंवा डी.एन.बी. (पीडियाट्रिक्स), किंवा डी.सी.एच. असेल तर ते आधुनिक वैद्यकातले बालरोगतज्ज्ञ. बी.ए.एम.एस.नंतर कौमारभृत्य विषयात एम.डी. केलेले वैद्यही असतात. कौमारभृत्य म्हणजे आयुर्वेदातलं बालरोगशास्त्र, त्याच्या आठ अंगांपैकी एक, काश्यपसंहिता त्यावरचाच ग्रंथ, आणि त्यात शिक्षण घेतलेल्या माणसाशी आहाराबद्दल बोलण्यात मजा येते. पण 'तज्ज्ञ' कशातले, हे आपल्याला माहीत हवं. नुसतं 'चाइल्ड स्पेशालिस्ट' आणि पुढे एखादा तीन महिन्यांचा कोर्स असेल तर पुढची पाटी बघा.

चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो. एम.बी.बी.एस. आणि त्यापुढच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते, परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या. दोन मिनिटांचं काम आहे, लाजू नका. गोव्यात, बेळगावात किंवा इंदुरात असाल तर त्या त्या राज्याची परिषद.

दवाखान्यात काय दिसतं ते बघा

पहिल्या भेटीत बोलण्याआधी भिंती बघा. डब्याच्या दुधाचं किंवा बाळाच्या पावडरी खाऊचं पोस्टर, त्या कंपनीचं कॅलेंडर, पेनस्टँड, वजनतक्ता असं काही दिसलं तर तिथेच मनात नोंद करा. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाची आणि तयार खाऊची जाहिरात, डॉक्टरांना भेटी, दवाखान्यात पोस्टरं, सगळ्याला बंदी आहे. या कायद्यासाठी आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी जी मंडळी झगडली, त्यांतली स्तनपानासाठी काम करणारी बीपीएनआय ही संस्था १९९१ मध्ये आपल्या वर्ध्यात सुरू झाली. आणि आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये उघडली. नैसर्गिक म्हणजे शहराबाहेरचं, महागडं, वेगळं काहीतरी असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. महापालिकेच्या त्या रुग्णालयात आईचं दूध बाटलीत साठवून अशक्त बाळांना पाजत होते, तेव्हा आपल्यातले कित्येक जन्मायचे होते.

मग वजनकाटा. प्रत्येक मुलाचं वजन होतंय का? उंची मोजून तक्त्यावर टिंब टाकलं जातंय का? बाळ 'खात नाही' अशी तक्रार घेऊन येणाऱ्या दहा आयांतल्या आठ जणींना त्या तक्त्यावरची चढती रेघ दाखवली की टॉनिकची गरज उरत नाही. रेघ दाखवायला एक मिनिट लागतं, टॉनिक लिहायला दहा सेकंद. कोण काय करतं त्यावरून माणूस कळतो.

आमच्या डॉक्टरांकडची पहिली तपासणी मला अजून आठवते. थोरला खोकत होता. त्यांनी त्याचा सदरा वर केला, मांडीवर शांत बसवला, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि पूर्ण एक मिनिट नुसतं त्याच्या पोटाकडे बघत राहिल्या. मला वाटलं काहीतरी विसरल्या. मिनिट संपल्यावर म्हणाल्या, "बत्तीस. वर्षाच्या पुढच्या मुलाला चाळीसपर्यंत मला काळजी नसते. तुम्हीही घरी असंच मोजा, झोपलेला असताना." त्या दिवशी औषध मिळालं नाही. मोजायचं कसं ते मिळालं. (दोन महिन्यांखाली मिनिटाला साठ, वर्षाखाली पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस. याच्या बरोबरीने किंवा वर श्वास असेल तर न्यूमोनियाची शंका घेतात.)

काय विचारायचं

"तुम्ही नैसर्गिक उपचारांना पाठिंबा देता का?" असं विचारू नका. होकार मिळेल किंवा कपाळाला आठी पडेल, दोन्हींतून काही कळणार नाही. प्रसंग सांगून विचारा.

"बाळाला सर्दी आहे, ताप शंभर आहे, पण खेळतंय, दूध पितंय. तुम्ही काय कराल?" चांगलं उत्तर साधारण असं असतं: काही नाही, नाकात सलाइनचे थेंब, अंगावर पाजत राहा, आणि अमुक झालं तर या. लहान मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच, खोकला दोनतीन आठवडे रेंगाळतो, आणि शेंबूड हिरवा झाला म्हणून जंतुसंसर्ग झाला असं होत नाही. हे न विचारता सांगणारा डॉक्टर दिसला की निम्मा शोध संपला.

"अँटिबायोटिक कधी देता?" इथे 'मी कधीच देत नाही' हे उत्तर 'मी लगेच देतो'इतकंच वाईट. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, काही कानदुखी यांत ते लागतंच. सर्दी नाही, खोकला नाही आणि लहान बाळाला नुसता ताप आहे, अशा वेळी जो आधी लघवी तपासायला सांगतो तो डॉक्टर विचार करतोय.

"जुलाब लागले तर?" उत्तरात ओआरएस, झिंक आणि अंगावरचं दूध हे तीन शब्द यायला हवेत. झिंक चौदा दिवस, सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, वर २०. सोबत पेज, ताक, वरणभात. शौचातून रक्त पडत नसेल तर बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागत नाही. मीठसाखरपाण्याइतकं साधं औषध किती मोठं काम करतं, हे १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत दाखवून दिलं. फक्त पुडी घेताना नीट बघा. फळांच्या चवीची गोड पेयं नावात 'ओआरएस' लावून कित्येक वर्षं मेडिकलमध्येच विकली जात होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यावर बंदी आणली.

शेवटचा प्रश्न: "रात्री काही वाटलं तर कुणाला विचारायचं?" थांबून बघायचा सल्ला देणारा डॉक्टर फोनवर मिळाला नाही, तर ते थांबणं आईला झेपत नाही. रात्री दोनला मी एकटी श्वास मोजत बसणार असेन, तर कुणीतरी 'बत्तीस ना? मग झोपा' म्हणणारं हवं. स्वतः डॉक्टर नसले तरी त्यांनी नेमून दिलेलं रुग्णालय असू द्या, पण उत्तर हवं.

चिठ्ठी वाचायला शिका

हा भाग जरा लांबवते, कारण डॉक्टर कसा आहे ते सगळ्यांत जास्त इथेच कळतं.

प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी आहे हे विचारा आणि पेनाने मराठीत लिहून घ्या. ज्याच्यापुढे 'असू द्या सोबत' एवढंच लिहावं लागलं, ते औषध बहुधा नको होतं. खोकल्याच्या सिरपबद्दल तर आता आडपडदा उरलेला नाही. क्लोरफेनिरामाइन (वाहतं नाक थांबवणारं) आणि फिनाइलेफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं) एकत्र असलेलं औषध चार वर्षांखाली देऊ नये, असं लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांतल्या कित्येकांना नागपूरला आणलं होतं, कित्येक वाचली नाहीत. त्यानंतर केंद्राने सूचना काढली: दोन वर्षांखाली सर्दीखोकल्याची औषधं लिहूच नका, पाच वर्षांखाली सहसा नको. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध चाटवा, खोकल्याला तो बरा. वर्षाखाली मात्र मध अजिबात नाही, बोटाला लावूनसुद्धा नाही. त्यातल्या जिवाणूच्या बीजांमुळे होणारा बोट्युलिझम लहान बाळाचे स्नायू लुळे पाडतो.

निमेसुलाइड हे ताप-दुखण्यावरचं औषध दिसलं तर चिठ्ठी परत करा. बारा वर्षांखाली २०११ पासून त्याला बंदी आहे.

तापाच्या पॅरासिटामॉलला मी विरोध करत नाही, पण डोस 'एक चमचा' असा लिहिलेला चालत नाही. वजन, मिलिग्रॅम आणि मिलिलिटर हवं. दहा किलोचं मूल घ्या. किलोला १५ मिलिग्रॅम म्हणजे १५० मिलिग्रॅम. आता बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं सिरप मिळतं आणि २५० चंही. पहिल्यातलं सव्वासहा मिलिलिटर लागेल, दुसऱ्यातलं फक्त तीन. थेंबांच्या बाटलीत तर एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतं. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला तर काय होईल ते तुम्हीच बघा. म्हणून आमच्या फ्रिजवर एक चिठ्ठी आहे, मुलांची वजनं बदलली की ती बदलते.

आणि टॉनिक, इम्युनिटी बूस्टर, चॉकलेटी पावडरी? त्या पैशाची अंडी आणि शेंगदाणे आणा. याला अपवाद दोनच, आणि ते चांगला डॉक्टर स्वतःहून देतो: पहिल्या वर्षभर व्हिटॅमिन डीचे रोज ४०० युनिट, आणि सहा महिन्यांनंतर लोहाचं औषध. 'कोवळ्या उन्हात बसवतो ना' हे पहिल्याला पुरत नाही.

गुटी, तेल, शेक: डॉक्टरांपासून लपवू नका

घरात जे चालतं ते डॉक्टरांना न सांगणं ही आपल्याकडची जुनी खोड. 'रागावतील' म्हणून आई सांगत नाही, आणि डॉक्टर विचारत नाहीत. डॉक्टर पारखायची ही फार चांगली संधी आहे. गुटीचं नाव काढा आणि तोंडाकडे बघा.

पहिल्या डॉक्टरांनी "अजून ह्या काळात?" म्हणून हात जोडले होते. आताच्या डॉक्टरांनी विचारलं, "कायकाय उगाळता?" सासूबाई सोबत होत्या. त्यांनी हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, अतिविष, जायफळ, खारीक, बदाम असं सगळं सांगितलं, जायफळाचे किती वेढे तेही. डॉक्टर ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "काकू, बाळाला सहा महिने होईपर्यंत ही पेटी बंद. सहाण कितीही धुतली तरी जंतू राहतात, आणि त्या वयात अंगावरच्या दुधाशिवाय थेंबभरही काही नको. जायफळाने मूल झोपतं, ते गुण म्हणून नाही, गुंगी म्हणून." सासूबाईंना राग आला नाही, कारण त्यांचं कुणीतरी पूर्ण ऐकलं होतं. दुसऱ्या नातवंडाच्या वेळी गुटीची पेटी त्यांनी स्वतःच कपाटात वर ठेवली.

तेलाच्या मालिशीला कुठलाही शहाणा डॉक्टर नाही म्हणत नाही. खोबरेल तेल, हलका हात, बस. मालिशवाल्या मावशींना मात्र तीन गोष्टी बजावा: नाकात-कानात तेल सोडायचं नाही, बाळाची छाती पिळायची नाही, उलटं टांगायचं नाही. शेकशेगडी आणि ओव्याची, लसणाच्या सालांची धुरी बंद खोलीत नकोच. तो धूर बाळाच्या फुप्फुसात जातो, आणि कोळशाचा वायू तर कळतही नाही. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधू नका, कापराने लहान बाळांना झटके येतात. काजळात शिसं सापडतं. तीट लावायचीच तर तळपायाला लावा.

कावीळही यातच येते. नवजात बाळ पिवळं दिसलं की 'सकाळच्या उन्हात धरा' हा सल्ला सगळीकडे मिळतो. उन्हाने कावीळ हटत नाही, आणि वाढत गेली तर मेंदूला इजा होते. पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत उतरला, किंवा पहिल्याच दिवशी दिसला, तर त्याच दिवशी रक्त तपासून गरजेनुसार निळ्या दिव्याखाली.

लशींबाबत घासाघीस करणारा डॉक्टर नको

नैसर्गिक विचाराच्या नावाखाली जो लस पुढे ढकलायला सांगतो, त्याच्याकडून उठून या. मी उठायला दोन भेटी उशीर केला.

पण लशींबद्दलही चांगला डॉक्टर ओळखता येतो. सरकारी वेळापत्रकातल्या लसी, म्हणजे जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी. सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, रोटा वगैरे. नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेला. दीड वर्षाच्या आसपास बूस्टर. या आरोग्य केंद्रात आणि महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात आणि तितक्याच चांगल्या असतात. हे जो आपणहून सांगतो, आणि फ्लू, कांजिण्या, टायफॉइड यांपैकी तुमच्या मुलाला काय का घ्यावं हे समजावतो, त्याच्यावर विश्वास ठेवा. 'पेनलेस' लशीसाठी दामदुप्पट भरायची खरं तर गरज नसते. टोचताना बाळाला अंगावर पाजत ठेवलं तर ते कमी रडतं. आमच्या डॉक्टर तसंच करू देतात, आणि हा नैसर्गिक उपाय मला सगळ्यांत आवडला आहे.

वैद्य आणि डॉक्टर, दोन्ही

बऱ्याच घरांत दोन्ही चालतं, आमच्याही. त्याला माझी हरकत नाही, अट एकच: दोघांना एकमेकांबद्दल माहीत असावं. पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनाला रांग लावणाऱ्यांनी निदान त्यात मध असतो हे वर्षाखालच्या बाळासाठी विचारात घ्यावं. भस्मं (धातू जाळून केलेली) असलेलं कुठलंही औषध 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' या भरवशावर मुलाला देऊ नका. नाव नसलेली पुडी तर घेऊच नका, पुडी कुठल्याही पॅथीची असो. काही तथाकथित गोड गोळ्यांत आणि पुड्यांत स्टेरॉइड निघाल्याची उदाहरणं डॉक्टर मंडळी पाहतात.

थांबायचं नाही अशा वेळा

हे कागदावर लिहून ठेवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप. दूध ओढत नाही किंवा उठवून उठत नाही. झटका. श्वास वर सांगितला त्याहून जलद, किंवा बरगड्यांखाली खळगा पडतोय. ओठ निळसर. सहाआठ तास लघवी नाही. हिरवी उलटी. शौचात रक्त. आणि आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू: ताप उतरला आणि मूल उलट मलूल झालं, पोट दुखतंय, उलट्या होतायत, हातपाय गार पडले, तर ते बरं होणं नव्हे, धोका तिथेच सुरू होतो. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन नको.

यांतल्या कुठल्याही वेळी काढा नाही, फोन नाही, सरळ रुग्णालय. ही यादी जो डॉक्टर तुम्हाला पहिल्या भेटीतच देतो, त्याने औषध दिलं नाही तरी चालतं.

गावात एकच डॉक्टर असेल तर

निवड करायला दहा पाट्या नसतात हे मला ठाऊक आहे, माझं माहेर तालुक्याच्या गावातलं आहे. तिथे डॉक्टर निवडता येत नाही, पण संभाषण बदलता येतं. "इंजेक्शन नको" असं भांडल्यासारखं म्हणण्यापेक्षा "डॉक्टर, दोन दिवस वाट बघितली तर चालेल का? मी परवा दाखवायला आणते" असं म्हणून बघा. कित्येक डॉक्टर औषध देतात ते पालक औषधाशिवाय नाराज होऊन दुसरीकडे जातील या भीतीने. तुम्ही ती भीती काढलीत की तेही सैलावतात. माझ्या भावाच्या मुलीच्या वेळी वहिनीने हेच केलं आणि डॉक्टर हसून म्हणाले, "असं म्हणणारं पेशंट महिन्याने भेटलं."

आशाताईंनाही कमी लेखू नका. दवाखान्यात प्रसूती झाली तर पहिल्या ४२ दिवसांत त्या सहा वेळा घरी येतात, वजन घेतात, ताप बघतात, पाजणं बघतात. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत उभी केली, नंतर ती देशभर गेली. तिच्यात औषधाबरोबरच ऊब, अंगावरचं दूध आणि वेळेवर ओळखलेला धोका यांचाही वाटा मोठा होता.

डॉक्टर बदलायचा झाला तर

तीन भेटी द्या. पहिल्या भेटीत सगळेच चांगले वागतात, दुसरी गर्दीच्या दिवशी होते, तिसरी मूल खरंच आजारी असताना. तिसऱ्या भेटीत प्रश्न विचारल्यावर आवाज चढला, तर बदला. भांडू नका, कारण सांगायची सक्ती नाही. लसीकरणाचं कार्ड, वजनाच्या नोंदी, रक्ताचे रिपोर्ट आणि जुन्या चिठ्ठ्या एका फायलीत लावून घ्या. कुठल्या औषधाने पुरळ आलं होतं ते फायलीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा.

आमची पहिली पाच औषधांची चिठ्ठी अजून त्या फायलीत आहे. नव्या डॉक्टरांनी फाइल चाळताना ती पाहिली, दोन्ही सिरपची नावं वाचली, काही बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, "मेडिकलवाले कोण तुमचे?"